प्रवासवर्णनाचा पसारा आणि नवागत वाचक

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासपत्रिकेसाठी प्रवासवर्णन निवडणारा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो : "सर, आधी काय वाचू?" प्रश्न साधा आहे आणि रास्तही आहे. मराठी प्रवासवर्णनांचा पसारा आता इतका वाढला आहे की ग्रंथालयातील त्या कपाटापुढे उभा राहिलेला नवा वाचक गांगरून जातो. एका फळीवर काशीयात्रा, तिच्याखाली युरोपच्या सहली, शेजारी किल्ल्यांची पुस्तके, पलीकडे नर्मदा परिक्रमा, आणि मधूनमधून कोणा सेवानिवृत्त गृहस्थांनी स्वखर्चाने छापून घेतलेले, मुलाकडे अमेरिकेत काढलेले सहा महिने. यांतील कोणते पुस्तक कोणासाठी लिहिले गेले, कोणते आधी वाचावे आणि कोणते मागाहून, एकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट कोणती, हे कपाट सांगत नाही. ते सांगायचे शिकवणाऱ्याने. आणि बहुतेक मराठी विभागांत त्याचे उत्तर ठरलेले असते : आधी संकल्पना नीट समजून घ्या. मग व्याख्या, मग स्वरूप, मग घटक, मग प्रेरणा, मग प्रकार. असे चार आठवडे गेले की विद्यार्थी दोहोंपैकी एक गोष्ट करतो. चौकातल्या दुकानातून गाईड विकत आणतो, किंवा पुढच्या सत्रात दुसरी अभ्यासपत्रिका निवडतो. प्रवासवर्णनाच्या अभ्यासाला 'गाईड' लागावे, आणि त्या गाईडात वाट सोडून बाकी सगळे असावे, ही गंमत दरवर्षी पाहण्यात येते.

आम्ही दोघे हा विषय शिकवतो. एकाचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे, दुसऱ्याचे शहरात. वर्ग निराळे, विद्यार्थ्यांची घरे निराळी, परंतु हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्यांची संख्या आमच्या दोन्ही ठिकाणी रोडावत चालली आहे. दारापर्यंत आलेला एकेक विद्यार्थी परत फिरणे अशा वेळी परवडणारे नाही, आणि ज्या वाङ्मयप्रकाराचा विषयच मुळी अनोळखी मुलखात वाट काढणे हा आहे, त्याच्या उंबरठ्यावरच नवखा माणूस हरवावा, याचे वैषम्य तर अधिकच वाटते.

आमच्या मते या गोंधळाचे मूळ एका जुन्या समीक्षाव्यवहारात आहे. प्रवासवर्णन हा ललित वाङ्मयप्रकार आहे हे ठसवण्यासाठी आपल्या समीक्षेला एके काळी बरीच झुंज द्यावी लागली. ती झुंज माहितीच्या विरोधात लढली गेली. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची संवेदनशीलता, निसर्गाशी आणि परक्या माणसांशी जुळलेले त्याचे नाते हे प्रवासवर्णनाचे सत्त्व. आणि गाडी किती वाजता सुटते, धर्मशाळा कोठे आहे, विहिरीचे पाणी गोड की मचूळ, हा सगळा मार्गदर्शिकेचा मामला, अशी वाटणी झाली. मूल्यमापनाचा निकष म्हणून यात तथ्य आहे. वेळापत्रकाला कोणी साहित्य म्हणत नाही. परंतु मूल्यमापनाचा हा निकष हळूहळू प्रवेशाचाही निकष होऊन बसला, आणि तेथे घोटाळा झाला. नवा वाचक माहितीचीच भूक घेऊन येतो. कोठे, कसे, किती दिवसांत, कोणाबरोबर, किती पैशांत, वाटेत काय खाल्ले, कोणी लुबाडले, कोणी ठेवून घेतले, हे त्याचे खरे प्रश्न असतात. ते बाळबोध आहेत असे सुचवले गेले की तो गप्प होतो. ज्या दारातून तो आपणहून आत येत होता, ते दारच लावले जाते.

वस्तुतः 'कोठे' आणि 'कसे' या प्रश्नांना मराठी गद्याने दिलेली उत्तरे फार जुनी आहेत. 'स्थानपोथी' हा महानुभावांचा चौदाव्या शतकातील गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी, गोविंदप्रभू यांचा जेथे जेथे मुक्काम झाला, ते जेथे बसले, निजले, जेवले, त्या स्थानांची ही नोंदवही आहे. तिचे कर्तृत्व मुनिव्यास कोठी यांच्याकडे दिले जाते. विस्मरणात जाऊ लागलेली स्थाने हिंडून, विचारपूस करून त्यांनी नोंदून ठेवली, असे संप्रदायात मानतात. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' (२००३) या ग्रंथात महाराष्ट्रातील तीर्थयात्रा आणि प्रदेशभान यांचा विचार करताना महानुभावांच्या स्थानांना एक सबंध प्रकरण दिले आहे.

या पोथीत वर्णन असे जवळजवळ नाही. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, दारातून आत गेल्यावर कोणत्या अंगाला कोणते स्थान, एवढेच ती सांगत जाते. वाचणाऱ्याला ती नुसती यादी वाटते, आणि एका अर्थाने ती यादीच आहे. पण ही यादी कोणासाठी आहे याचा विचार केला की तिचे गद्य निराळे दिसू लागते. ज्याने स्वामींना पाहिलेले नाही, ज्याचा जन्म त्यांच्या प्रयाणानंतर पिढ्या-दोन पिढ्यांनी झाला, ज्याला त्या गावात कोणी ओळखत नाही, अशा माणसाला ओट्यापर्यंत नेऊन उभे करण्यासाठी ती लिहिलेली आहे. म्हणून तिच्यात शब्दांचा फुलोरा नाही. तुम्ही देवळाच्या दारात उभे आहात हे गृहीत धरून ती बोलते. तिच्यात प्रवास करणारा 'मी' नाही; प्रवास वाचकाने करायचा आहे.

'लीळाचरित्र' आपण मध्ययुगीन वाङ्मयाच्या पत्रिकेत शिकवतो आणि 'स्थानपोथी'चा उल्लेख एका ओळीत उरकतो. दोन्ही एकत्र वाचली तर काय होते ते एकदा पाहावे. 'लीळाचरित्र' काळाच्या क्रमाने जाते. नव्या विद्यार्थ्याला त्यातील गावांची नावे एकामागून एक भिरभिरत गेल्यासारखी वाटतात. 'स्थानपोथी' तीच गावे जमिनीवर ठेवते. विदर्भातून आलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीला रिद्धपूर ठाऊक होते ते एस.टी.च्या पाटीवरचे गाव म्हणून. ज्या गावात आज मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, त्या गावातील देवळांच्या दिशा सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी गद्याने टिपून ठेवल्या आहेत, हे कळल्यावर तिने पोथी आणि 'लीळाचरित्र' दोन्ही आपणहून वाचली. 'स्थानपोथी'ला प्रवासवर्णन म्हणावे असा आमचा हट्ट नाही. परंतु प्रवासवर्णनाच्या पत्रिकेत पहिल्या आठवड्यात तिची चार पाने वाचून दाखवावीत असा मात्र आहे.

दुसरे उदाहरण वाङ्मयाच्या काठावरचे आहे. काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. स्टेशनाबाहेर उतरलेला यात्रेकरू गोंधळलेला असतो. त्याला कोणी विचारत नाही की तुम्हांला काय पाहायचे आहे. विचारतात ते गाव कोणते आणि आडनाव काय. एवढ्यावर शेकडो वह्यांच्या ढिगातून नेमकी वही निघते, तीत पणजोबांची स्वाक्षरी निघते, आणि परक्या शहरात क्षणापूर्वी हरवलेला माणूस घरच्यासारखा होऊन बसतो. सूची म्हणून ही रचना विलक्षण आहे. ती स्थळांप्रमाणे लावलेली नाही, येणाऱ्याप्रमाणे लावलेली आहे. ग्रंथालयाची तालिका पुस्तक कोठे आहे ते सांगते. ही वही येणारा कोठला आहे ते आधी विचारते आणि मग पुढचे सांगते. चांगला शिक्षकही हेच करतो.

पण येथे थोडे थांबणे भाग आहे. वहीत नाव सापडणे हा ज्यांचा अनुभव आहे, त्यांना या व्यवस्थेचे कौतुक सहज करता येते. आमच्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या पूर्वजांचे नाव कोणत्याच वहीत असण्याची शक्यता नाही. ज्या नाशकात पणजोबांच्या स्वाक्षरीची वही निघते, त्याच नाशकात १९३० साली काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. 'तुम्ही कोणाचे?' हा प्रश्न वाट दाखवण्यासाठी विचारला जातो तसाच वाट अडवण्यासाठीही विचारला जातो; शब्द तेच, स्वरही पुष्कळदा तोच. वाङ्मयाच्या अभ्यासातही हे घडते. 'तुमचे वाचन किती?' हा प्रश्न काही अध्यापक असा विचारतात की विचारला गेलेला मुलगा पुन्हा त्या खोलीत येत नाही.

इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख या दृष्टीने फिरून वाचण्यासारखा आहे. तो 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहात आहे. समाजशास्त्रज्ञ म्हणून नाव झालेली ही बाई वारीत दिंडीबरोबर चालते, चालताना आनंदते, आणि त्याच वेळी तिला दिसते की एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात. आनंद आणि बोच दोन्ही एकाच लेखात आहेत, आणि एकीने दुसरीला खोडलेले नाही. त्यानंतर दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) घ्यावे. मोकाशी वारकरी म्हणून गेले नाहीत, पाहणारे म्हणून गेले. म्हणजे अगदी नवागत. माणसांच्या त्या लोंढ्यात कोठे चालायचे, कोठे झोपायचे, काय खायचे, पाय सुजल्यावर काय करायचे, ही नवख्याची चिंता त्या पुस्तकाच्या पानापानांत आहे. नवागताचे डोळे हे त्याचे वैगुण्य मानायचे की सामर्थ्य, हा प्रश्न या पुस्तकावर चांगला चर्चिता येतो.

वारीचा विषय निघालाच आहे तर तिच्या रचनेबद्दल दोन शब्द. लाखो माणसे आळंदीहून पंढरपूरला चालत जातात आणि तरीही बहुतेक जण संध्याकाळी आपापल्या तंबूत पोचतात, यामागे दिंड्यांचे क्रमांक आहेत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. प्रत्येकीची जागा ठरलेली. पहिल्यांदा आलेल्या माणसाला सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण ही सगळी वाट पाठ असावी लागत नाही. रथाच्या पुढे की मागे, आणि क्रमांक किती, एवढे ध्यानात राहिले की पुरे. हरवलेल्या म्हातारीलाही पोलीस तेवढेच विचारतो. सबंध नकाशा आधी समजावून मग चालायला लावणे ही पद्धत जर वारीने स्वीकारली असती तर वाखरीपर्यंत कोणी पोचले नसते. आमच्या अभ्यासक्रमांत 'प्रवासवर्णनाचे स्वरूप व वाटचाल' हा पहिला घटक ठेवणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा.

आता विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्याकडे येऊ. 'माझा प्रवास' हे पुस्तक आपण १८५७ च्या उठावाचे मराठीतील प्रत्यक्षदर्शी वृत्त म्हणून शिकवतो. ते तसे आहेच. पण असे म्हणून हातात दिले की विद्यार्थी त्यात लढाया शोधू लागतो, आणि मधली यज्ञयाग, दक्षिणा, स्नाने, मुक्काम, जेवणावळी ही सारी पाने त्याला अडगळ वाटतात. वास्तविक पुस्तकाचा कणा तीच पाने आहेत. पेणजवळच्या वरसईचा एक कर्जबाजारी घरातील भिक्षुक ऐकतो की शिंद्यांच्या बायजाबाई उत्तरेत मोठा यज्ञ करणार आहेत. तेथे दक्षिणा चांगली मिळेल. काकांना बरोबर घेऊन तो निघतो. त्याला हिंदुस्थान पाहायचा नाही, इतिहास तर मुळीच पाहायचा नाही. घरचे कर्ज फेडायचे आहे आणि जमल्यास काशी घडवायची आहे. महूच्या सुमारास वाटेतच शिपायांकडून पुढे काय होणार ते कानावर येते, तरीही तो पुढे जातो. झाशीच्या वेढ्यात तो शहरातच असतो. मिळवलेले गमावतो, पुन्हा मिळवतो, पुन्हा गमावतो. अखेर हाती उरते ती गंगेची कावड, आणि तिच्या पाण्याने तो आईवडिलांना स्नान घालतो.

या माणसाची नजर सर्वस्वी माहिती घेणाऱ्याची आहे. कोठे काय मिळते, कोण कसा वागवतो, कोणत्या घरी ब्राह्मणाला काय दिले जाते, राणीचा दिनक्रम कसा आहे, हे तो विचारतो आणि ध्यानात ठेवतो. त्याच्याजवळ 'सौंदर्यदृष्टी' नाही, असे एखाद्या समीक्षकाने म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु मराठीतील कोणत्याही ललितरम्य प्रवासवर्णनापेक्षा हे पुस्तक अधिक अंगावर येते, आणि ते माहितीला वगळून आलेले नाही, माहितीच्या वाटेनेच आलेले आहे. दक्षिणेचा हिशेब ज्याने मन लावून वाचला नाही, त्याला ती लुटली जाते तेव्हा काही होत नाही.

येथे नवागतासाठी एक व्यावहारिक अडचण आहे आणि तिच्याबद्दल आमचे मत थोडे रूढ मताविरुद्ध आहे. गोडसे भटजींनी हे लेखन प्रवासानंतर पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून केले. वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले, आणि प्रसिद्ध करताना मजकुरात व भाषेत फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली आणली. तेव्हा 'मूळच वाचा, वैद्यांची प्रत बाजूला ठेवा' असा आदेश विद्यार्थ्यांना दिला जातो. संशोधकाला हा आदेश योग्य आहे. पहिल्यांदा पुस्तक हाती धरणाऱ्याला आम्ही वैद्यांची प्रत देतो. तिच्यात वाट रुळलेली आहे. एकदा वरसई ते काशी आणि परत असा फेरा झाला की मग पोतदारांची प्रत द्यावी आणि कोठे काय बदलले ते पडताळायला सांगावे. पाठचिकित्सेसारखा रुक्ष समजला जाणारा विषय अशा वेळी विद्यार्थी चवीने करतात, कारण मुलूख आता त्यांच्या ओळखीचा झालेला असतो.

पंडिता रमाबाईंच्या पुस्तकाचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) असे आहे. नावातला क्रम पाहावा : लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्म, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे पाडून त्या माहिती देतात, कारण ती माहिती इकडच्या वाचकाला, विशेषतः स्त्रियांना, कशासाठी हवी हे त्यांना पक्के ठाऊक आहे. या पुस्तकाला 'माहितीप्रधान' असा शिक्का मारून पुढे जाणाऱ्या वाङ्मयेतिहासांनी त्यातील संताप वाचलेलाच नाही असे म्हणावे लागते.

राहता राहिला तो भाग म्हणजे ज्यापासून बहुधा अभ्यासक्रमाची सुरुवात होते तो. अनंत काणेकर यांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळ यांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३). ही पुस्तके मोठी आहेत यात वाद नाही. पण त्यांचा गृहीत वाचक एका विशिष्ट घरातला आहे. 'अपूर्वाई'तला विनोद ज्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघराच्या आणि दिवाणखान्याच्या आठवणीवर उभा आहे, ती आठवण आज वर्गातील निम्म्या मुलांना नाही. ती हसत नाहीत, आणि हसू येत नाही म्हणून मनातून ओशाळतात. हे पुस्तक टाळावे असे आम्ही म्हणत नाही. ते पहिले नसावे. आणि घेताना लंडनपासून न घेता निघण्याच्या धांदलीपासून घ्यावे. पहिल्यांदा लांब जाणाऱ्या माणसाची घरातली धांदल बांद्र्यात आणि बार्शीत फारशी निराळी नसते. होस्टेलवर राहायला आलेल्या मुलीला ती नव्याने सांगावी लागत नाही.

माहितीविरुद्ध एक नेहमीचा आक्षेप असतो की ती शिळी होते. साहित्य टिकते, माहिती मरते. गो. नी. दांडेकर यांनी 'नर्मदेच्या तटाकी' (१९४९) आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (१९५७) यांतून परिक्रमेचा जो मुलूख उभा केला, त्यातील शूलपाणीच्या झाडीच्या बाजूचा बराच भाग आता सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे, पात्र ओलांडायचे नाही, हा नियम तोच राहिला. पण काठच वर सरकला, आणि परिक्रमावासीयांना वाटा बदलाव्या लागल्या. अलीकडच्या काळात जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदे हर हर' किंवा भारती ठाकूर यांचे 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' वाचून निघणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांनी गोनीदांच्या पुस्तकावर विसंबून चालायचे ठरवले तर पाण्यात जातील. म्हणजे गोनीदांची माहिती मेली काय? आम्हांला उलटे वाटते. ज्या दिवशी ती वाट चालता येईनाशी झाली, त्या दिवशी त्या पुस्तकातील साध्या वाटेच्या तपशिलाला, कोणत्या घाटावरून कोणत्या पाड्यावर, नवे वजन आले. कोणत्याही अलंकारापेक्षा ते वजन जास्त आहे. शिळी झालेली माहिती ही इतिहासाची कच्ची सामग्री आहे, आणि वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे दाखवून देण्यासाठी याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

किल्ल्यांच्या पुस्तकांची कथा याच जातीची. प्र. के. घाणेकर यांचे 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची' विद्यार्थ्यांच्या पाठपिशवीत असते, अभ्यासक्रमात नसते. पायथ्याचे गाव कोणते, शेवटची गाडी किती वाजता, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे का, चढ कोणत्या अंगाने, मुक्कामाला गुहा की देऊळ : या प्रश्नांची नेमकी उत्तरे मराठीत लिहिणे किती अवघड आहे, हे ज्याने लिहून पाहिले आहे त्यालाच कळेल.

एका परिसंवादात आम्ही यातील काही मुद्दे मांडले तेव्हा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मग पर्यटन खात्याची पत्रकेच लावा की अभ्यासाला." टाळ्या पडल्या. टोमणा चांगला होता, पण मुद्द्याला धरून नव्हता. पत्रक आणि 'स्थानपोथी' यांत फरक आहे तो माहिती असण्या-नसण्याचा नाही. पत्रकाला तुम्ही कोण याच्याशी कर्तव्य नसते. ते सर्वांना एकाच आवाजात बोलावते आणि कोणीच हरवणार नाही असे भासवते. पोथी लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की येणारा हरवणार आहे, आणि तो नेमका कोठे हरवेल हेही ठाऊक आहे, कारण तो स्वतः ती वाट चाललेला आहे. वाक्यरचनेत हा फरक दिसतो. तो विद्यार्थ्याला दाखवता आला तर शैलीविचाराचा निम्मा पाठ झाला म्हणायचा.

यासाठी आम्ही दोन-तीन वर्षांपासून पहिला स्वाध्याय बदलला आहे. व्याख्या लिहून आणण्याऐवजी विद्यार्थ्याने एवढेच लिहायचे : जवळच्या एस.टी. स्थानकावर उतरलेला, तुमच्या गावात कधीही न आलेला माणूस तुमच्या घरापर्यंत कसा येईल. तीनशे शब्द. विशेषणे वापरायला बंदी नाही, पण त्यांनी वाट सापडली पाहिजे. मग हे कागद आपापसांत बदलायचे आणि दुसऱ्याने ते वाचून नकाशा काढायचा. बहुतेकांचे पाहुणे पहिल्या वळणावरच हरवतात. 'मोठ्या वडापासून डावीकडे' असे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येते की वड मोठा आहे हे गावकऱ्याला ठाऊक, पाहुण्याला नाही. एका मुलाने लिहिले होते की वेशीपाशी कोणालाही आमचे नाव विचारू नका, सरळ शाळेपाशी या आणि तेथून फोन करा. का, असे आम्ही वर्गात विचारले नाही. नंतर त्याने 'वाटचाल' वाचले आणि त्यावर वर्गातील सर्वांत चांगला निबंध लिहिला.

अभ्यासक्रमाच्या चौकटीत हे बसते का, असे विचारणारे विचारतात. अभ्यासपत्रिका श्रेयांकांत मोजल्या जातात आणि घटकांचे तास ठरलेले असतात. तरी पहिल्या घटकात काय घ्यायचे हे ठरवण्याची मुभा शिक्षकाला बऱ्यापैकी उरते. अडचण येते ती ग्रंथालयात. 'स्थानपोथी' संतसाहित्याच्या कपाटात, रमाबाई स्त्री-अभ्यासात, गोडसे भटजी इतिहासात, घाणेकर भूगोलात, 'परिपूर्ती' ललित निबंधांत, आणि प्रवासवर्णनाच्या फळीवर फक्त परदेश. वर्गीकरणाचे आकडे बदलणे आमच्या हातात नाही. तेव्हा आमच्यापैकी एकाच्या महाविद्यालयात ग्रंथपालांच्या परवानगीने त्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद डकवला आहे. त्यावर पुस्तकांची नावे आधी नाहीत, प्रश्न आधी आहेत. घरून पहिल्यांदाच लांब निघाला आहात? कर्ज फेडण्यासाठी निघाला आहात? गर्दीत एकटे आहात? तुम्हांला कोणी आत येऊ दिले नाही? जी वाट चालला होतात ती आता नाही? प्रत्येक प्रश्नासमोर एक पुस्तक, त्याचे कपाट आणि फळी, आणि कितव्या पानापासून सुरुवात करावी ते. कागदाच्या तळाशी थोडी जागा कोरी ठेवली होती. गेल्या सत्रात तीत पेन्सिलीने दोन प्रश्न वाढले आहेत. त्यांपैकी एकाला, 'परत आल्यावर घर परके वाटते का?', समोर लिहायला योग्य पुस्तक कोणते यावर आमच्या दोघांत अजून एकमत झालेले नाही.